उचललेलं प्रस्थान

माझ्या धाकट्या भावाने जन्मात कधी हट्ट केला नाही. लहानपणी मी त्याच्या वाटणीचा म्हैसूरपाक खाऊन टाकला तरी तो रडायचा नाही, नुसता बघत राहायचा, आणि त्या बघण्याचाच मला जास्त राग यायचा. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायची पाळी आल्यावर, एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "मला मल्प्याचं बेट बघायचंय," तेव्हा मी ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, हा धरूनच बसलाय की. मग मत्ते काय करायचं?"

घरात आम्ही तिघंच. ऐंशी पार केलेली आई, जन्मभर सरकारी कचेरीत फायली ढकलून निवृत्त झालेली बिनलग्नाची मी, आणि तो. त्याची बायको लग्नानंतर लवकरच माहेरी गेली ती परत आली नाही. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मी विषय काढला तर उठून जायचा. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आमचं घराणं राजाच्या घोडदळाच्या काळापासून राहतंय. घोडी केव्हाच गेली, तलवार खंडेनवमीला एकदा बाहेर निघते, आणि मराठी उरली ती चुलीपुरती, तीही निम्मी कन्नड. समुद्राशी आमच्या कुठल्याच पिढीचा संबंध आला नाही. पाणी म्हणजे कावेरी, आणि तीसुद्धा घोडी धुवायला.

पण हा शाळेत भूगोल शिकवायचा. दर वर्षी तो फळ्यावर ते बेट काढून दाखवायचा. उडुपीजवळ मल्प्याच्या बंदरातून होडीने समुद्रात थोडं आत गेलं की सेंट मेरीचं बेट. लाव्हा थंड होताना तडकून झालेले दगडाचे सहाकोनी खांब तिथे एकाला एक चिकटून उभे आहेत. कोणी पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानात येताना आधी तिथे उतरला आणि त्यानेच बेटाला मेरीचं नाव दिलं, असंही सांगतात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत याने ते खांब खडूने काढले आणि डस्टरने पुसले. मुलांची सहल मात्र कायम श्रीरंगपट्टणला नाहीतर बैलकुप्प्याच्या तिबेटी मठांना गेली. बेट त्याने स्वतः कधी पाहिलेलंच नव्हतं.

दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी माझी द्यायला तयार होते. ती जुळली नाही. आईचं वय कोणी विचारातही घेतलं नाही, तरी ती डॉक्टरांशी भांडून आली. मग उरलं ते मशीन. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मशीनची सुई, तिथला वास, परत आल्यावर येणारी गुंगी, हे सगळं त्याने सोसलं. सोसवलं नाही ते पाण्यावाचून राहणं. त्याच्या अंगातून पाणी बाहेर पडायची वाटच बंद झालेली, म्हणून दिवसाला मोजका पेलाभर, आणि त्यातच गोळ्या, त्यातच कॉफी. आमच्या घरात कॉफीवाचून सकाळ होत नाही, आणि हा बशीत दोन चमचे कॉफी घेऊन बसायचा. सारूतलं, म्हणजे आमच्या पातळ आमटीतलं, पाणी निथळून आई खालची डाळ तेवढी त्याला वाढायची. उन्हाळ्यात तो चूळ भरायचा, पाणी तोंडात घोळवत राहायचा आणि मग मोरीत थुंकायचा. थुंकताना आमच्याकडे पाठ करायचा. फळांची तर यादीच होती: नंजनगूडचं केळं नको, संत्रं नको, आणि शहाळं, ज्याला आमच्याकडे एळनीर म्हणतात, ते तर विषच समजा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. म्हैसुरात तापकऱ्यापासून बाळंतिणीपर्यंत ज्याला त्याला आधी एळनीर पाजतात, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येकजण दोन शहाळी हातात लोंबकळवतच यायचा आणि मी ती दारातूनच परत करायची. लोकांना मी तुसडी वाटायची. वाटो.

तर त्या बेटाचा बेत मी आखायला घेतला. बेत आखणं मला जमतं, दुसरं फारसं काही जमत नाही. शुक्रवारच्या मशीननंतर सोमवारपर्यंत मधे शनिवार-रविवार मिळतो. शनिवारी दुपारी तिघांनी निघायचं, मडिकेरीचा घाट उजेडात उतरायचा, रात्री उडुपीत टेकायचं, रविवारी सकाळच्या होडीने बेट, दुपारी परतीला लागायचं आणि सोमवारी खुर्चीत. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाणी आणि खाणं सांभाळणार असाल तर न्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून दसरा जाऊ दिला, दिवाळी जाऊ दिली. गाडी आमच्या ओळखीच्या सरगूरच्या एका ड्रायव्हरची. तो माणूस चांगला, पण त्याच्या सुट्टीच्या दिवसांवर गोकुलमच्या गोऱ्या लोकांचा ताबा. ते योग शिकायला येतात आणि शनिवार-रविवार आला की त्यांना बैलकुप्प्याला भिक्षू बघायचे असतात. ज्यांना शांती हवी त्यांना ती सुट्टीच्या दिवशीच का हवी असते कोण जाणे! दोन-तीनदा त्याने ऐनवेळी नाही म्हटलं. मी फोनवर त्याला इतकं बोलले की शेवटी त्याने कार्तिकातला एक शनिवार देऊन टाकला.

मी पंचांग बघत नाही. आई बघते. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "शनिवारी अमावास्या. अमावास्येला घरातनं कोण निघतंय? बेडा, नको."

"मग पुढच्या आठवड्यात त्या गोऱ्यांना सांग तू, भिक्षू नका बघू म्हणून," मी म्हटलं.

"सुम्ने उगाच वाद घालू नकोस. प्रस्थान ठेवूया."

हे प्रस्थान प्रकरण हल्ली फारसं कोणाला माहीत नसतं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी जाणाऱ्याचं एक गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात त्याचं एक वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघालाच असं धरायचं. मग तो आणखी दोन दिवस घरात जेवला-झोपला तरी वाटेवरचाच. जाताना गाठोडं स्वतः उचलायचं आणि तिथूनच पुढे जायचं. एकदा उचललं की ते घेऊन माघारी घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अशुभ. आमच्याकडे मोहिमेवर निघणारे असंच करत, असं आई सांगते. मी म्हटलं, मोहिमेवर निघणारे निम्मे परत येत नसत. आई म्हणाली, तोंड आवर.

प्रवास त्याचा, आम्ही नुसत्या सोबतीला, म्हणून गुरुवारी सकाळी आईने त्याच्या निळ्या शर्टात गाठोडं बांधलं आणि शेजारच्या बाईंकडे नेऊन दिलं. या बाई कन्नड, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, आईपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मनाने फार चांगल्या. त्यांनी ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं. भावाला हे सगळं फार आवडलं. शुक्रवारी मशीनवरून आला तर गुंगीतही हसत म्हणाला, "अक्का, मी आता या घरात पाहुणा. मला पाहुण्यासारखं वाढ." त्याला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बसून तो आईला सहाकोनी खांब कसे तयार होतात ते समजावत होता. आई "हं, हं" करत होती आणि त्याच्या मोज्यांच्या घड्या घालत होती.

शनिवारी तो लवकर जेवला, आईच्या पाया पडला आणि शेजारी जाऊन त्याने गाठोडं उचललं. गाडी कुठल्याही क्षणी यायची होती. मी पिशव्या दारात आणल्या आणि फोन वाजला. ड्रायव्हर बैलकुप्प्याहून बोलत होता. सकाळी एक छोटी फेरी करून येतो म्हणून गेलेला, तिथे ते गोरे कुठल्याशा पूजेला बसले होते आणि पूजा संपल्याशिवाय उठायला तयार नव्हते. दोन-तीन तास तरी उशीर होईल म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मी शेजारच्या अंगणात जाऊन भावाला म्हटलं, "चल, घरी येऊन आडवा हो. गाडी यायला वेळ आहे."

तो उठायला लागला तोच मागून आईचा आवाज आला. "न्हाई. उचललेलं प्रस्थान माघारी न्यायचं न्हाई. तिथंच बसू दे त्याला."

"आई, तो आजारी माणूस आहे."

"म्हणूनच सांगते."

शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि आईच्या बाजूने बोलल्या. मेष्ट्रांना आम्ही आत कॉटवर झोपवतो, तुम्ही काळजी करू नका, आमचं घर काय परकं आहे का? शाळेतला मास्तर म्हणून त्या त्याला मेष्ट्रे म्हणत. भाऊसुद्धा म्हणाला, "असू दे अक्का. आईचं मन राहू दे." मी चिडून घरी आले. त्याला पाणी देऊ नका हं, असं त्या बाईंना सांगायला मात्र विसरले नाही. त्या म्हणाल्या, "गोत्तु, गोत्तु." म्हणजे माहीत आहे.

आणि त्यांनी पाणी दिलं नाही. घरचा पाहुणा, लांबच्या प्रवासाला निघालेला, त्याचं गाठोडं आपल्या देवाजवळ तीन दिवस राहिलेलं. त्याला कोरड्या तोंडाने कसं पाठवायचं? पाणी चालत नाही ना, मग एळनीर. कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्यांनी शहाळी आणवली. आजाऱ्याला बरं असतं म्हणून आतली मऊ मलईसुद्धा चमच्याने काढून दिली. एक झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेष्ट्रे, इन्नोंदु?" आणखी एक? आणि तो हो म्हणाला.

हे सगळं त्या बाईंनीच मला नंतर सांगितलं, फार कौतुकाने. इतक्या आवडीने प्यायले म्हणाल्या, दोन्ही हातांनी धरून, शेवटच्या थेंबापर्यंत.

गाडी आली तेव्हा ऊन उतरलेलं होतं. मी पिशव्या डिकीत टाकल्या, आईला पुढे बसवलं आणि त्याला हाक मारली. तो कॉटवरून उठेना. आधी मला वाटलं, झोप लागली. आत गेले तर जागा होता. म्हणाला, "अक्का, पायात जोर नाही गं." मी हात धरून उठवलं तर पाय गवताच्या काड्यांसारखे दुमडले. चेहरा पांढरा. नाडी मी बघितली, मला त्यातलं फार कळत नाही, पण इतकी थांबत थांबत चालणारी नाडी मी कधी बघितली नव्हती. कॉटखाली फोडलेली शहाळी पडली होती. ती दिसली आणि मी ड्रायव्हरला हाक मारली.

समुद्राला जाणारी गाडी आम्ही हॉस्पिटलकडे वळवली. त्या गडबडीत गाठोडं कुठे गेलं ते कोणाच्या लक्षात नव्हतं. पुढे ते मागच्या सीटखाली सापडलं. आई ते घरात घेईना, आम्हालाही टाकवेना, तेव्हा ड्रायव्हरनेच सरगूरला नेऊन कपिला नदीत सोडून दिलं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तातडीने मशीन लावलं. तो वाचला. रविवारी सकाळी, ज्या वेळी आम्ही होडीत बसणार होतो, त्या वेळी मी त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. तो डोळे उघडून छताकडे बघत होता. मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की मी ओरडते.

"तू शाळामास्तर. तुला माहीत नव्हतं? एळनीर म्हणजे काय ते तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग? त्या बाईंना वाईट वाटेल म्हणून प्यायलास?"

"नाही. तहान लागली होती. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. नर्स येऊन नळी बघून गेली. मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला. म्हणाला, "तिथं बेटावर सगळी नारळाचीच झाडं आहेत अक्का. बंदरावर शहाळीवाले बसतात. मी ठरवून टाकलं होतं. खांब बघायचे, हात लावून बघायचा, आणि मग एक दिवस पोटभर प्यायचं. कोणाला विचारायचं नाही. पुढं होईल ते होईल. इथं तुम्ही दोघी सारख्या डोळ्यांत तेल घालून, इथं कसं जमणार होतं?"

मी मंगळूरच्या रस्त्याची चौकशी करत होते, उडुपीत तळमजल्याची खोली शोधत होते, त्याच्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होते, आणि हा इकडे हे ठरवून बसला होता. मला त्याचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. जिन्यात उभी राहिले. मग परत आले, कारण जाऊन जाऊन जाणार कुठे.

घरी आईने अन्न टाकलं होतं. "माझ्या प्रस्थानानं केलं," एवढंच ती म्हणत होती. माझ्याही मनात तेच होतं, पण त्याने मला सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं, अक्षर न गाळता. मला वाटलं, ऐकून तिला धक्का बसेल. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "केवढी तहान लागली असेल गं त्याला." त्यानंतर तिने प्रस्थानाचं नाव काढलं नाही. शेजारच्या बाईंना आम्ही काहीही कळू दिलं नाही. त्यांना वाटतं, प्रवासाच्या दगदगीआधीच मेष्ट्रांचं हृदय दमलं.

हृदय खरंच दमलं होतं. त्या दिवसानंतर ते पूर्वीसारखं झालं नाही. मशीनवर बसला की रक्तदाब खाली जायचा, अर्ध्यावर थांबवावं लागायचं, आणि अर्धं राहिलेलं पाणी त्याच्या पायांत, चेहऱ्यावर, मग छातीत साठायचं. पुन्हा बेटाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. उगादीच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, आता मशीनचा त्रासच जास्त आहे, त्यांच्या शरीराला झेपत नाही. घरी न्या. त्यांना जे हवं ते द्या, कशालाच नाही म्हणू नका.

ड्रायव्हरला कळलं तसा तो स्वतःहून येऊन उभा राहिला. म्हणाला, "अक्का, होड्या अजून चालू आहेत. गोऱ्यांना मी बघून घेतो. सीट आडवी करू, झोपवून नेऊ." मी आत जाऊन भावाला विचारलं. तो उशांच्या राशीला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला श्वास लागायचा. त्याने मान हलवली. "आता कुठं," म्हणाला. "फार लांब आहे ते."

आई कधी स्वयंपाकघरात गेली ते मला कळलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या होता, माठातल्या पाण्याचा, बाहेरून ओल सुटलेला. पाणी तिच्या पायांवर सांडत होतं. ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "घे मगा, बाळा. पी. कोणी काही म्हणायचं न्हाई आता. पोटभर पी."

त्याने तांब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी मागून त्याच्या पाठीला हात दिला. आईने तांब्या त्याच्या ओठांना लावला. त्याने एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसरा घशाखाली उतरेना, ओठांवरून ओघळून शर्टावर गेला. त्याला धाप लागली. त्याने हाताने तांब्या बाजूला सारला.

"साकु," तो म्हणाला. पुरे.

"अरे, घे की अजून. आहे भरपूर."

"साकु आई. जात नाही."

आई तांब्या तसाच धरून बसली. तो आजारी पडल्यापासून आम्ही दोघींनी त्याच्यादेखत कधी पाणी प्यायलं नव्हतं. प्यायचं तर मागच्या अंगणात जायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. आता आईने तोच तांब्या तोंडाला लावला आणि त्याच्यासमोर बसून उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं, मधे श्वास न घेता. तो बघत होता.